न आवडणाऱ्या नोकरीतला अर्थ आणि कामाचे दुसरे टोक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीत मन रमत नसलेल्या माणसाला वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून आणि हितचिंतकांकडून हल्ली दोनच सल्ले ऐकायला मिळतात. एक म्हणजे, ज्यात जीव रमत नाही ते काम सोडा आणि आवडीचे काम शोधा. दुसरा म्हणजे, काम कोणतेही असो, दृष्टिकोन बदला, म्हणजे तेच काम आवडू लागेल. पहिला सल्ला ज्यांच्या गाठीशी चार पैसे आहेत आणि ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही, त्यांच्या उपयोगी पडेलही. दुसरा सल्ला बहुधा असे लोक देतात, ज्यांना ते काम स्वतः करावे लागत नाही. या दोहोंच्या मध्ये फार मोठा वर्ग उरतो. कर्जाचे हप्ते, आजारी आईवडील, मुलांचे शिक्षण, वाढलेले वय, किंवा साधे एवढेच की दुसरी नोकरी हाताशी नाही, अशा कारणांनी हा वर्ग आहे तिथेच राहतो आणि राहताना आपण आयुष्य फुकट घालवत आहोत ही बोच मनात बाळगतो. त्या वर्गातली एक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

आरंभी एक गल्लत दूर करायला हवी. पगार कमी असणे, वरिष्ठांनी अपमान करणे, सुट्टी न मिळणे किंवा कामाच्या ओझ्याखाली पिचून जाणे हे एक दुखणे आहे आणि कामात अर्थ न वाटणे हे दुसरे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा हाच होता. पगार, धोरणे, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस असमाधानी होतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो समाधानी होतोच असे नाही, कारण समाधान प्रामुख्याने कामातून, जबाबदारीतून आणि काही साध्य झाल्याच्या जाणिवेतून येते. या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली, तरी हा फरक उपयोगाचा आहे. ज्याचा पगार थकला आहे किंवा ज्याला रोज सर्वांसमक्ष बोलणी खावी लागतात, त्याला ‘कामात अर्थ शोधा’ असे सांगणे म्हणजे त्याची चेष्टा करणे होय. त्याला हवा आहे पगार आणि सन्मान. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून उमेद संपून जाण्याची, नोंद आजार म्हणून केलेली नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे, ही गोष्टही इथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

मला बोलायचे आहे ते दुसऱ्या दुखण्याविषयी. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ बरे आहेत, काम जमते, पण संध्याकाळी बाहेर पडताना आज आपण नेमके काय केले याचे उत्तर देता येत नाही. अशा माणसाला आपण ‘पाट्या टाकणारा’ म्हणून मोकळे होतो आणि त्याच्या स्वभावात खोट काढतो. माझे म्हणणे असे आहे की, पाट्या टाकण्याची वृत्ती माणूस घरून घेऊन येत नाही. आपल्या कामाचे पुढे काय होते हे दिसेनासे झाले की ती हळूहळू अंगवळणी पडते.

या म्हणण्याला आधार देणारा एक प्रयोग २००८ मध्ये डॅन एरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक यांनी प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना खेळण्यातल्या सुट्या भागांपासून छोट्या आकृत्या जुळवायला दिल्या होत्या आणि प्रत्येक आकृतीमागे पैसे मिळत होते, मात्र दर आकृतीगणिक ते थोडे थोडे कमी होत जात. एका गटाने जुळवलेल्या आकृत्या समोर टेबलावर मांडून ठेवल्या जात. दुसऱ्या गटातला विद्यार्थी पुढची आकृती जुळवत असतानाच त्याची आधीची आकृती त्याच्या डोळ्यांदेखत सुटी करून तेच भाग पुन्हा त्याच्या हाती दिले जात. दोन्ही गटांना मोबदला अगदी सारखा होता. पहिल्या गटाने सरासरी १०.६ आकृत्या जुळवल्या, तर दुसऱ्याने ७.२ वरच हात आखडता घेतला. मला याहून बोलके वाटले ते पुढचे निरीक्षण. पहिल्या गटात ज्यांना असल्या जुळणीची मुळात आवड होती ते अधिक वेळ टिकले. दुसऱ्या गटात आवड असणे आणि नसणे यांत काही फरकच उरला नाही. आवडीचे काम शोधा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण केलेले काम डोळ्यांसमोर मोडले जात असेल तर आवडही फार काळ तग धरत नाही.

त्याच अभ्यासातल्या आणखी एका प्रयोगात लोकांनी भरून दिलेले कागद काहींच्या बाबतीत पाहून ठेवले गेले, काहींचे न पाहता बाजूला ठेवले गेले आणि काहींचे तिथल्या तिथे यंत्रात घालून फाडले गेले. ज्यांच्या कागदाकडे कोणी पाहिलेच नाही, त्यांचा उत्साह जवळपास कागद फाडले गेलेल्यांइतकाच मावळला. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. रात्री बसून तयार केलेला अहवाल कोणी उघडूनही पाहिला नाही हे कळते, तेव्हा अहवाल फाडला असता तर निदान कोणी हातात तरी घेतला असता, असे मनात येऊन जाते.

कामाचे दुसरे टोक, म्हणजे ते शेवटी कोणापर्यंत पोहोचते हे, दिसेनासे होणे ही काही अलीकडची बाब नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे जे वर्णन केले, त्यात दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एक तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो. श्रमविभागणीची थोरवी सांगताना हे उदाहरण हमखास दिले जाते. पण त्याच लेखकाने पुढे असेही बजावले होते की, ज्याचे सारे आयुष्य मोजक्या साध्या क्रिया करण्यात जाते त्याची बुद्धी चालवण्याची सवयच सुटते. हा इशारा मात्र सोयीस्करपणे विसरला गेला. आज टाचणीची जागा अर्ज, नोंदी, तक्रारी आणि तक्ते यांनी घेतली आहे, इतकेच. टाचणी करणाऱ्याला निदान आपल्या हातून टाचणी होते हे माहीत होते.

माझे स्वतःचे काम विमा दाव्यांच्या छाननीचे आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलीशी माझा संबंध आवक क्रमांकापासून जावक क्रमांकापर्यंत. दाव्याची रक्कम कधी मिळाली, मिळाली की नाही, हे मला कळण्याची सोयच नाही. ते दुसऱ्या विभागाचे काम. कागदपत्रे अपुरी असली की ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असा शिक्का मारून फाईल पुढे सरकवायची, ही आमच्याकडची रीत. एकदा मृत्यू-दाव्याची एक फाईल आली, जी पूर्वीही अशीच परत गेलेली होती. पॉलिसीवरचे नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव यांत एका वेलांटीचा फरक होता. अर्जदार बाईंनी दर वेळी सगळ्या कागदांच्या नव्या छायाप्रती जोडल्या होत्या, बँकेच्या पासबुकाचीसुद्धा, जी कोणी मागितलीच नव्हती. आणि वेलांटी होती तिथेच होती. शेवटच्या अर्जाच्या पाठीमागे पेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिले होते: ‘नेमके काय कमी आहे ते कृपया लिहावे.’

मी शिक्का मारला, कारण तो मारावाच लागतो, आणि त्याखाली हाताने लिहिले की, दोन्ही कागदांवरील नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे, बाकी कागदपत्रे पूर्ण आहेत, ती पुन्हा पाठवण्याची आवश्यकता नाही. पुढच्या वेळी फाईल एका कागदाची भर घालून आली आणि माझ्या टेबलावरून निकाली निघाली. तेव्हापासून परत जाणाऱ्या प्रत्येक फायलीवर काय कमी आहे, ते कोणत्या स्वरूपात चालेल आणि काय पुन्हा पाठवू नये, एवढ्या तीन गोष्टी मी लिहिते. यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, वेळही फारसा जात नाही. ‘तुला कोणी सांगितलंय एवढं?’ असे शेजारच्या टेबलावरून ऐकावे लागले, आणि प्रश्न रास्त होता, कारण खरोखरच कोणी सांगितलेले नव्हते. मला वाटते, त्या कामाचे मोल माझ्या लेखी त्यातच होते.

यामुळे नोकरी मला आवडू लागली, असे लिहिले तर ते खोटे होईल. सोमवारी सकाळी कंटाळा यायचा तो येतोच. छाननी हे काम माझ्या बुद्धीला फार खाद्य पुरवत नाही आणि पुढेही पुरवेलसे वाटत नाही. बदल झाला तो एवढाच की, दिवसातला काही भाग असा झाला ज्यात माझ्या असण्या-नसण्याने कोणाचे तरी अडते किंवा सुटते. मन रमणे आणि कामी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि पहिली मिळत नसली तरी दुसरी मिळवता येते, एवढेच मला अनुभवाने सांगता येईल.

संशोधनही याच अंगाने काही सांगते. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. हे काम किती नकोसे असते, हे अशा फोनला नकार देणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या काही कर्मचाऱ्यांची एका विद्यार्थ्याशी थोडाच वेळ भेट घडवून आणली गेली. देणग्यांतून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर तो शिकत होता. महिन्याभरानंतर पाहिले तेव्हा भेट झालेल्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. त्यांचा पगार वाढला नव्हता, कामाचे स्वरूप बदलले नव्हते आणि कोणी स्फूर्तिदायक भाषणही ठोकले नव्हते. ज्याच्यासाठी आपण काम करतो, तो माणूस त्यांना एकदा दिसला होता.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये लिहिलेल्या निबंधातली रुग्णालयातल्या सफाई कामगारांची हकिकत मला त्याहूनही महत्त्वाची वाटते, कारण तिथे कोणी भेट घडवून आणलेली नव्हती. एकाच रुग्णालयात, एकाच हुद्द्यावर काम करणाऱ्यांपैकी काहीजण नेमून दिलेली साफसफाई करून, शक्यतो कोणाशी संबंध न ठेवता दिवस संपवत. इतर काहीजण रुग्णांशी आणि त्यांना भेटायला आलेल्यांशी बोलत, परिचारिकांच्या कामाची वेळ पाहून आपल्या कामाचा क्रम लावत आणि आपण रुग्ण बरे होण्याच्या कामाचा भाग आहोत असे मानत. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर यातले काहीही लिहिलेले नव्हते. रेझनेस्की यांनीच सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये केलेल्या एका अभ्यासात २४ कार्यालयीन सहायकांचा छोटा गट होता. त्यांचे काम बहुतांशी सारखे असूनही त्या कामाला केवळ पोटाची सोय मानणारे, पुढे चढण्याची पायरी मानणारे आणि जीवितकार्य मानणारे, असे तीन साधारण सारखे भाग त्या गटात पडले. म्हणजे हुद्द्यावरून माणसाच्या कामातला अर्थ ठरवता येत नाही. कारकुनीला नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचावे.

आता इथेच मला थांबून सावधगिरीचा सूर लावायचा आहे, कारण असली संशोधने व्यवस्थापनाच्या हाती पडली की त्यांचे काय होते, हे नोकरदारांना चांगलेच माहीत आहे. भिंतीवर सुविचार लागतात, वर्षातून एकदा प्रेरणादायी व्याख्यान होते आणि पगारवाढीचा विषय निघाला की, आपण किती पवित्र काम करतो याची आठवण करून दिली जाते. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांविषयी जे लिहिले, ते प्रत्येक कामगार संघटनेने वाचण्यासारखे आहे. ज्यांना हे काम म्हणजे आपले जीवितकार्य वाटत होते, त्यांना कामात अर्थही अधिक वाटत होता आणि पगारावर, वेळेवर, सुखसोयींवर पाणी सोडण्याची तयारीही त्यांचीच अधिक होती. साहजिकच व्यवस्थापनाकडून आपल्या निष्ठेचा गैरफायदा घेतला जाईल अशी भीतीही त्यांनाच होती. कामात जीव ओतणाऱ्याला कमी पैशांत राबवता येते, हे चतुर मालकाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. वर सांगितलेली टिपणे मी कामाच्या वेळेतच लिहिते, घरी फाईल नेत नाही, आणि माझी वेतनवाढ मागताना या टिपणांचा उल्लेख माझ्या बाजूने करते, व्यवस्थापनाच्या बाजूने कोणाला करू देत नाही.

आणखी एक गोष्ट केवळ वृत्तीवर सोपवता येत नाही, ती म्हणजे आपल्या कामावरचा आपला ताबा. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल या नावाने ओळखला जाणारा दुसरा मोठा अभ्यास १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि त्यात १०,३०८ कर्मचारी होते. काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. कामाचा वेग, क्रम आणि पद्धत यांतले काहीच ज्याच्या हाती नाही, त्याच्या मनालाच नव्हे तर शरीरालाही ते जाचते, असा याचा अर्थ. माझ्या टेबलावर निदान शिक्क्याखाली दोन ओळी लिहायला जागा होती. ज्याच्या समोरच्या पडद्यावर वाक्येसुद्धा आधीच ठरवून दिलेली असतात आणि जो किती सेकंद बोलला हे मोजले जाते, त्या फोनवरच्या कर्मचाऱ्याने ती जागा कुठून आणावी? त्याला दृष्टिकोन बदलायला सांगणारे लोक मुळात त्याच्या कामाची रचना बदलण्याचे आपले कर्तव्य टाळत असतात.

नोकरी पोटापुरती ठेवा आणि जगण्याचा हेतू बाहेर शोधा, असाही एक मार्ग सांगितला जातो आणि तो वाईट नाही. आइन्स्टाइन १९०२ पासून काही वर्षे बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होता आणि १९०५ चे त्याचे युगप्रवर्तक निबंध त्याच काळातले आहेत, हे उदाहरण तर दर वेळी तोंडावर फेकले जाते. आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग कमी आणि न्यूनगंडच अधिक मिळतो, म्हणून मी ते बाजूला ठेवते. मात्र या मार्गाने जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. नोकरी सुटली, वेळ मिळाला, की आपण आपोआप हेतूपूर्ण जगू लागू, हा समज फसवा आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी महामंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या लोकांचा केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, तरीही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली आणि रस्त्यावरची पुरुषांची चालसुद्धा मंदावली. नोकरी पगाराखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते आणि एका सामायिक कामात आपल्याला सामील करून घेते, हे याहोडा यांनी पुढे सविस्तर मांडले. तेव्हा बाहेर जे काही शोधायचे ते नोकरी असतानाच, लहान प्रमाणावर, आठवड्याच्या ठरलेल्या वारी सुरू करावे. आणि शक्यतो असे निवडावे की, आपण गेलो नाही तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटेल. एकट्याने घरात जोपासलेला छंद थकलेल्या संध्याकाळी सर्वांत आधी बुडतो, पण शिकवणीला येऊन बसलेले मूल आपल्याला घराबाहेर काढते.

नोकरी सोडूच नये, असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. आपल्या कामाचा माग काढत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर तिथे फसवला जाणारा ग्राहक किंवा नाहक छळला जाणारा अर्जदार उभा आहे असे दिसले, तर त्या कामात अर्थ शोधत बसणे हा मनाला भुलवण्याचा प्रकार ठरेल. तिथे उरतो तो फक्त बाहेर पडण्याच्या तयारीचा हेतू. नवे कौशल्य, थोडी शिल्लक, चार ओळखी. दुसऱ्या टोकाला कोणीच नाही, म्हणजे अहवाल केवळ अहवालासाठी तयार होतो, असे आढळले तर आधी तो अहवाल बंद करण्याची लेखी सूचना करून पाहावी. कधीकधी ती मान्य होते, कारण वरच्यालाही तो नकोच असतो.

या पत्राद्वारे कार्यालयप्रमुखांना आणि व्यवस्थापकांना माझी एक ठोस विनंती आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. ज्या टेबलावरून प्रकरण गेले, त्या टेबलावर त्याचा शेवट काय झाला याची एक ओळीची नोंद परत यावी. दावा मंजूर झाला, अमुक तारखेला रक्कम जमा झाली, तक्रार मिटली, यंत्र बसले आणि चालू झाले, रुग्ण घरी गेला. संगणकीकृत कचेऱ्यांत ही माहिती आधीच साठवलेली असते, फक्त ती खालच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचू नये असे कोणी ठरवलेले असते असेही नाही. ती पोहोचावी असे कोणाच्या मनात आलेले नसते. आमच्या विभागात मी हा प्रस्ताव लेखी दिला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या कार्यालयात अशी पद्धत असेल, त्यांनी ती कशी सुरू झाली आणि कशी चालते हे याच स्तंभातून कळवले, तर माझ्या प्रस्तावाला जोडायला मला ते उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
एक नोकरदार वाचक